दुसरा नंबर

अल्मासच्या हातात पेढा आला तेव्हा तिची गिटार अजून पिशवीतून बाहेरही निघाली नव्हती.

कशाचा पेढा, असं तिनं विचारलं. नव्या गिटारीचा, असं सांगून शिपायानं डबा पुढच्या खुर्चीकडे नेला.

नवी गिटार संचालकांच्या टेबलावर आडवी पडली होती. लालभडक, आरशासारखी चकचकीत, अंगावर हळदकुंकू. नारळ सकाळीच फुटला होता. साखर कारखान्याच्या कामगार ऑर्केस्ट्रासाठी दोन कारागिरांच्या इलेक्ट्रिक गिटारी समोरासमोर ठेवायच्या आणि चांगली कोणती ते ठरवायचं, असा रीतसर ठराव होता. पूजेला मुहूर्त सकाळचा निघाला आणि तुलनेला वेळ दुपारची मिळाली, एवढंच.

लाल गिटार समर्थची होती. समर्थचं नगरला शोरूम होतं आणि तो गिटार निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष बन्सीकाका यांच्या साडूचा मुलगा होता. नात्याचा आणि गिटारीचा काही संबंध नाही, हे बन्सीकाका कुणी विचारलं नसतानाही सांगत होते.

अल्मासनं आपली गिटार शेजारी ठेवली. सागाची, रंग न दिलेली, नुसतं तेल पाजलेली. ती निवडली गेली तर जिल्ह्यातले बाकीचे ऑर्केस्ट्रावालेही तिच्याकडे वळले असते. नाही निवडली, तर कारखान्यानं नाकारलेली गिटारवाली ही ओळख तिच्याआधी गावोगाव पोचली असती.

तपासणी सुरू झाली. एका संचालकांनी दोन्ही गिटारींवर कलिंगडासारखी टिचकी मारून पाहिली. दुसऱ्यांनी विचारलं, ह्या पोकळ का नाहीत, आवाज कुठून येतो? वायरमधून येतो हे कळल्यावर, मग एवढं लाकूड कशाला घातलं, अशी त्यांनी शंका काढली.

वाजवायचं काम महेंद्रकडे होतं. तो बॉयलरवर फिटर आणि ऑर्केस्ट्रात गिटारवाला. त्यानं दोन्ही वाजवल्या. समर्थच्या गिटारीची एक तार वरच्या सुरांना खरखरली. महेंद्रनं बन्सीकाकांकडे पाहिलं आणि दोन्ही बऱ्या आहेत म्हणाला. तो अजून नोकरीत कायम झाला नव्हता.

बन्सीकाकांनी अल्मासच्या गिटारीच्या मानेवर बोट ठेवलं.

"ताई, हितं सांधा दिसतोय."

"सांधा आहे म्हणून दिसतोय, काका."

"ह्यांच्यात कुटं दिसतोय?"

"रंगाखाली."

समर्थ हसला. बन्सीकाकाही हसले आणि मग त्यांनी अगदी मायेनं समजावलं. दुसरा नंबर म्हणजे काही कमी नाही. इतिवृत्तात नाव येतं. शिवाय कुणीतरी दुसरं असल्याशिवाय पहिला नंबर पहिला कसा ठरणार? त्या दृष्टीनं पाहिलं तर आजची सगळी बैठक ताईंच्याच जिवावर उभी होती.

अल्मासनं पेढा तसाच टेबलाच्या कडेला ठेवला आणि पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला.

आधी तिनं तारा सैल करून सोडवल्या. मग मागचे स्क्रू काढून मान अंगापासून वेगळी केली. पुढची पट्टी उचलली, तारांचा आवाज पकडणारे पिकअप वायरीसकट बाहेर घेतले आणि एकेक तुकडा टेबलावर मांडत गेली. संचालकांना आपले चहाचे कप हातात धरून बसावं लागलं.

"इथं पटाशी घसरली होती माझी," खोबणीत बोट ठेवून ती म्हणाली. "हे लाकडाचं ठिगळ लावलंय."

टिचकीवाले संचालक खुशीत पुढे वाकले. "म्हंजी दोष हाय."

"आहे ना. आता यांच्यातला बघू." तिनं स्क्रू ड्रायव्हर समर्थपुढे धरला.

समर्थनं तो घेतला नाही. उघडली की गॅरंटी जाते, असं तो म्हणाला. मग गॅरंटी नेमकी कशाची आहे, असं अल्मासनं विचारलं. त्यावर, उघडून बघायचं ठरावात नाही, असा खुलासा बन्सीकाकांनी केला आणि ताईंचा दुसरा नंबर लिहून घ्यायला कारकुनाला सांगितलं.

"नंबर लिहू नका," अल्मास कारकुनाला म्हणाली. "दोन गिटारी आल्या, त्यातली एकच उघडून दाखवली. एवढंच लिहा."

कारकुनाचं पेन हवेत राहिलं.

खाली जेवण तयार होतं. ताईंनी आपलं सामान बाहेर ओट्यावर नेऊन निवांत जोडावं, असं बन्सीकाकांनी सुचवलं.

"इथं उघडलीय, काका. इथंच जोडते."

ती जोडायला लागली. घाई केली नाही. मान बसवली, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिली, पुन्हा सैल करून पुन्हा बसवली. टेबलभर तिचे स्क्रू पसरलेले असताना उठून जेवायला जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून संचालक बसून राहिले. समर्थ मोबाईलवर कुणाशी तरी अर्जंट बोलत बाहेर गेला तो परत आला नाही.

मग ती तारा सुरात लावायला लागली. स्पीकरला जोडायची वायर शिपायानं केव्हाच गुंडाळून नेली होती. नुसत्या इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज डासाएवढा, आणि वर पंखा खडखडत होता. अल्मास कान लाकडाला टेकवून तार छेडत होती, नकारार्थी मान हलवत होती, पुन्हा छेडत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं.

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. महेंद्र उठला, संचालकांच्या खुर्च्यांमागून भिंतीपर्यंत गेला आणि कुणालाही न विचारता त्यानं पंखा बंद केला.