नळाचा रस्ता

"आपण अकरा माणसं मारलीत, आणि तरी आपल्याला झोप लागते."

अर्जीची पहिली ओळ लिहून भुजंगरावांनी टाक खाली ठेवला. वर कुणाचं नाव घातलं नव्हतं. नाव घातलं की अर्जी दप्तरातच फाटायची. पण ज्याला कळायचं त्याला कळणार होतं. घरांच्या नळांचे आणि सांडपाण्याचे नकाशे काढण्यात भुजंगरावांची बावीस वर्षं गेली होती. ते नकाशे एका फटकाऱ्यात बिघडवणारा माणूस दर खेपेला वरच बसलेला असायचा.

काचीगुड्याच्या पलीकडं कारकून-चपराशांसाठी साठ घरं उठली. फसली सन तेराशे पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात तिथं हैजा शिरला, पटकीनं अकरा माणसं गेली. खोदून पाहिलं, तर पिण्याच्या पाण्याचा नळ उघड्या गटारातून नेलेला. पाणी दिवसातून दोनच तास. बाकीचा वेळ नळ रिकामा, आणि रिकामा नळ सैल सांध्यांतून घाण आत ओढतो. एवढं शेंबड्या पोरालाही कळावं. चौकशी बसली, आणि दोष कुणावर? नळ टाकणाऱ्या चाँद मिस्त्रीवर. उद्या निकाल. तुरुंग ठरल्यासारखाच.

"अहो, मोरीतला नळ आलाय," इंदुमतीबाई आतून म्हणाल्या. "आंघोळ उरका, मला भांडी घासायचीत. आणि ती अर्जी देऊ नका. नोकरी जाईल."

"गेली तर गेली. दमलोय मी."

"दमलेल्या माणसानं झोपावं. साहेबाशी कुस्ती कशाला?"

भुजंगरावांच्या नकाशात नळ घरांच्या पुढच्या भिंतीलगत होता. तांबड्या शाईनं ठळक. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वरून हुकूम आला: ओसऱ्या दोन हात पुढं घ्या, रस्त्यावरून शोभा दिसली पाहिजे. झालं, पुढची वाट बुजली. भुजंगरावांनी त्या दिवशी तापातच चार कामांच्या चिठ्ठ्या खरडल्या आणि घरी येऊन आडवे झाले. आठ दिवसांनी उठले, तोवर खंदक बुजवलेसुद्धा होते.

शोभा! त्या शब्दानं त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. आताशा मस्तकापर्यंत पोचायलाही तिला वेळ लागे.

आंघोळ करून ते अर्जी घेऊन निघाले. चाँद नामपल्लीच्या मागं एका गल्लीत राहायचा.

"संभालके, राव साहब, मोरी है," त्याची बायको जैतूनबी दारातून म्हणाली. दारापुढचं उघडं गटार ओलांडून भुजंगराव आत गेले.

"चाँद, अंगठा दे यावर. उद्या निकालाआधी ही अर्जी पोचवतो."

"अंगूठा क्यूँ, साहब? दो जमात पढ़ा मैं." चाँद हसला. मग अर्जी न वाचताच त्यानं परत सारली. "रहने देव."

"अरे, तुरुंगात जाशील!"

"हौ."

"हौ काय हौ! गटारात नळ घालायला सांगितलं कुणी तुला?"

"हुकूम था."

"कुणाचा?"

चाँद खाटेची सुतळी चाचपत राहिला. हमालाचा मिस्त्री त्याला भुजंगरावांनीच केला होता. त्यांच्यापुढं तो कधी खोटं बोलला नव्हता. आज खरंही बोलेना.

"घाबरतोस त्याला?"

"डरता नै. इज्जत करता."

"इज्जत? अकरा माणसं मारणाऱ्याची?" भुजंगरावांचा आवाज चढला. "मी त्याला सोडायचा नाही, चाँद. कोण का असेना."

चाँदनं मान खाली घातली. जैतूनबी मात्र उठली. अकरांतला एक तिचा सख्खा भाऊ होता, त्याच घरांतला चपराशी. तिनं पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून घडी घातलेला कागद काढला.

"नक्को बोला ना!" चाँद ओरडला.

"क्यूँ नक्को? मेरा भाई गया उस पानी से. मेरेको पढ़ना आता तो तुमारे मुँह की राह नै देखती." तिनं कागद भुजंगरावांच्या हातात कोंबला. "यहीच हुकूम आया था. तुम पढ़ो."

भुजंगरावांनी घडी उलगडली. उर्दूत दोनच वाक्यं होती. 'सामने का रास्ता बंद. नल मोरी में से ले जाओ.'

मोरी. न्हाणीलगतची, चार फरशांची, इंदुमती रोज भांडी घासते ती. बाहेर दारापुढं जैतूनबीची मोरी काळी वाहत होती.

खालची सही तापातली होती, वेडीवाकडी. पण सही त्यांचीच होती.

"पढ़ो ना, राव साहब," जैतूनबी म्हणाली. "नाम किसका है?"