डोणगावच्या कप्तानाचं शेवटचं प्रकरण

डोणगावापासून समुद्र इतका लांब, की तिथं जन्मून जहाजाचा कप्तान होणं हा सरळसरळ आगाऊपणाच. उद्धव काळदाते यांनी तो केला, निवृत्त होऊन गावी परतले आणि एका दुपारी शेतात जातो म्हणून निघाले, ते आलेच नाहीत. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

इतिहासाचे प्राध्यापक लक्ष्मीकांत यांचा कप्तानावरचा ग्रंथ तेवढ्यापायी अडला होता. नायक मेल्याशिवाय चरित्र संपवायचं कसं? म्हणून ते कप्तानाच्या बायकोकडे, आशाबाईंकडे आले.

"त्यांचं निधन झालं, असं लिहू का?"

"काऊन बाप्पा? जित्ते हायेत ते. पाणी घ्या."

प्राध्यापकांनी समोरच्या पेल्याकडे पाहिलं. आतलं पाणी एका बाजूला कललं होतं. मग ते सावकाश दुसऱ्या बाजूला गेलं. पेला मात्र टेबलावर गुमान उभा होता.

"ते गेल्यापासून असंच हाय," आशाबाई म्हणाल्या. "पह्यले तं लई हाले, सांडून जाये. आता कमी झालं. जवळ येऊन राह्यले."

प्राध्यापकांनी टेबल दाबून पाहिलं, पेला उचलून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. पाणी डुलतच होतं, पण दर खेपेला थोडं कमी.

मग ते थांबलं.

बाई आता रडणार, असं प्राध्यापकांना वाटलं. आशाबाईंनी हसून पदर सारखा केला.

अंगणात कोणीतरी खाकरलं.

"काव, पाय धुवाले पाणी आण. गोडं."