आधी घरी

‘माध्यमं सुधारायची तर काय करावं? तुम्हीही सुचवा,’ असं आवाहन वसुंधराने सांगलीतल्या आपल्या छोट्या वृत्तवाहिनीवर आठवडाभर चालवलं होतं. लोकांच्या सूचना पत्रकार संघाच्या परिषदेत मांडायच्या होत्या. ई-मेल ढीगभर आले. प्रत्यक्ष आल्या त्या एकट्या मुल्लाबाई, शाळेतल्या शिक्षिका.

“माझा भाऊ अपघातात गेला, ते मला मोबाइलवरच्या बातमीतून कळलं,” त्या म्हणाल्या. “वर्गात शिकवत होते मी. आधी घरी कळवा, मग जगाला सांगा. एवढंच सुचवायचंय.”

वसुंधरा ते टिपून घेत होती, तेवढ्यात तिच्या बातमीदाराचा फोन आला. घाटात ट्रक उलटून ड्रायव्हर जागीच गेला होता. नाव, फोटो, सगळं तयार होतं.

“घरी कळवलंय का?” तिने विचारलं.

“पोलिसांना अजून नंबर मिळाला नाही. मला त्याच्या गावच्या सरपंचांनी घरचा नंबर दिलाय. पण मॅडम, बाकीचे आत्ता बातमी लावतील!”

“लावू देत. नंबर सांग.”

तिने फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी वाजत होती.

“हॅलो, कोण बोलतंय?” एका बाईने विचारलं.

उभा जन्म बातम्या सांगण्यात गेलेल्या वसुंधराच्या तोंडून शब्द फुटेना. मुल्लाबाईंनी हात पुढे करून तिच्याकडून फोन घेतला.

“ताई,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “घरात तुमच्याजवळ आणखी कोण आहे?”