थांबा कोणी म्हणायचं

“माए-गेरी!” म्हातारे सेइतोकु कडाडले, आणि कराटे शिकणाऱ्या अख्ख्या रांगेने पुन्हा समोर लाथ झाडली.

मघापासून हेच चाललं होतं. आधी माए-गेरी, ही समोरची लाथ. मग योको-गेरी, बाजूची. त्यानंतर मावाशी-गेरी, पाय गोल फिरवून मारायची. इतोमान गावातल्या पोरासोरांनाही हा क्रम पाठ. पण आज सेइतोकु पहिल्याच नावावर अडकले होते. नाव घ्यायचे, क्षणभर गोंधळून बघायचे आणि पुन्हा तेच नाव घ्यायचे.

‘यामे’ म्हणजे थांबा. तो शब्द शिकवणाऱ्याच्या तोंडून येईपर्यंत पाय थांबवायचा नाही, ही या तालमीतली रीत. सेइतोकुंनीच घालून दिलेली.

त्यांची लेक मिसाओ शेजारीच उभी होती. शिकवण्याचं सगळं आता तीच बघायची. बाबा शनिवारी येऊन फक्त लाथांची नावं पुकारायचे. तेवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं. आपण मध्येच यामे म्हटलं, तर तेही गेलं.

“अगं मिसाओ, काहीतरी कर,” पुढच्या रांगेतला तोफूवाला ओशिरो धापा टाकत कुजबुजला. “उद्या तोफूऐवजी मलाच पाटीत घालून न्यावं लागेल.”

“गप्प बसा, काका. पाय वर घ्या.”

“वर कुठला जातोय! जमिनीवरून सुटतोय हेच नशीब.”

“माए-गेरी!”

रांगेच्या टोकाला चिएको होती, शाळकरी पोर. तिचा तोल गेला आणि ती गुडघ्यावर आपटली. उठली, ओठ चावला आणि पुन्हा पाय उचलला. पांढऱ्या विजारीवर रक्ताचा डाग उमटत होता.

मिसाओने एक पाऊल पुढे टाकलं.

“यामे!”

कोणीच थांबलं नाही. सेइतोकु समोर असताना दुसऱ्या कोणाचा यामे त्या पायांना ठाऊकच नव्हता. ओशिरोने तेवढं एकदा तिच्याकडे बघितलं आणि लाथ झाडली.

सेइतोकुंनी मान वळवली. लेकीकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता बोलणी बसणार.

ते रांगेवर खेकसले, “कान फुटले काय रे तुमचे? सेन्सेई थांबा म्हणतात, ऐकू येत नाही?”

सेन्सेई म्हणजे गुरुजी; लेकीला त्यांनी तसं म्हटलं होतं. सगळे पाय खाली आले.

सेइतोकु आपल्या जागेवरून हलले. रांगेसमोरून सावकाश चालत गेले ते चिएकोच्याही पलीकडे, नव्याने आलेल्यांच्या जागी जाऊन उभे राहिले. काळा पट्टा सारखा केला. मुठी आवळल्या.

“बोला, सेन्सेई,” ते म्हणाले. “पुढची कोणती?”

सगळी रांग मिसाओकडे बघत होती. तिला एकाही लाथेचं नाव आठवेना.