गेम संपल्यावर

ती छोटेच गेम खेळायची. एक संपला की डिलीट, मग दुसरा.

तिचा दादा उलटा. कॉलेजपासून एकच गेम धरून बसलेला. जेवणाआधी रोज आपल्या राज्यात हजेरी लावायचा, नाहीतर शेजारचा राजा किल्ला घेतो म्हणे.

"मजा येते अजून?" तिने विचारलं.

"मजा कसली डोंबलाची! पण आता सोडला तर इतकी वर्षं पाण्यात."

कपड्यांच्या घड्या घालता घालता आईने संधी साधली. "बघ, याला म्हणतात चिकाटी. नाहीतर तू! नुसती धरसोड. जावईबापूंचा आज परत फोन आला होता. म्हणाले, झालं गेलं विसरू, पाठवा तिला. अगं, इतकी वर्षं काढलीस त्या घरात, ती काय पाण्यात घालायची?"

तिने हातातला गेम शेवटपर्यंत खेळला. 'समाप्त' अशी अक्षरं आली, तसा तो डिलीट केला आणि मान वर केली.

"सांग त्यांना, माझा गेम संपलाय. त्यांचा चालू असेल, तर खेळा म्हणावं एकट्याने."