दम नसलेली जीप

किल्ली नागेशच्या हातात होती आणि इंजिन चालूच होतं.

चालू कसलं, पिसाळलंच होतं. चाकं काढून विटांवर उभी केलेली जुनी डिझेल जीप पत्र्याच्या शेडमध्ये लटलट कापत होती. मागून निघालेला निळसर धूर गोठ्यापर्यंत पसरला होता. नागेशनं वाकून डिझेलची नळी कापली. आवाज उतरला नाही, उलट चढला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. जीपला जोर यावा म्हणून त्यानं बसवलेल्या टर्बोचं, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, सील गेलं होतं. तिथून ऑइल हवेच्या वाटेनं आत शिरत होतं आणि इंजिन आता डिझेलवर नाही, स्वतःच्याच ऑइलवर पळत होतं. ते संपेपर्यंत थांबणार नव्हतं. नाहीतर फुटेपर्यंत.

त्याची बायको प्रतीक्षा दारातून हाका मारत होती. शेजारचा गेणबा केव्हाच बांधापलीकडं जाऊन उभा राहिला होता. नागेश जागचा हलला नाही.

हा टर्बो त्यानं भंगारातल्या एका पिकअपचा आणला होता. ह्या इंजिनाला तो बसायचाच नव्हता. बारामतीतल्या एका लेथवाल्याकडून जाड पट्टी कापून घेतली, एक्झॉस्ट तोडून पुन्हा जोडला, ऑइलची नळी घरीच वाकवली. बसवायचा, गळायचा, उतरवायचा, पुन्हा बसवायचा. गेणबा येता-जाता विचारायचा, जीपचं विमान करतूयास व्हय रं? नागेश मान वर करायचा नाही. आई गेल्यापासून त्याला हे खूळ लागलंय, हे साऱ्या वस्तीला माहीत होतं.

त्याची आई आक्काबाई एका सकाळी गोठ्यातच छाती दाबून खाली बसली होती. ह्याच जीपमध्ये घालून तिला बारामतीला न्यायला निघाले. वस्ती निमगाव केतकीच्या अलीकडं, इंदापूरच्या बाजूला. दिवस गळीत हंगामाचे. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. नागेशनं तळाला टेकेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबला, पण जीप नुसती ओरडायची आणि ट्रॉलीच्या मागंच राहायची. मागच्या सीटवर आईला धरून बिरूआबा, त्याचे वडील, विठ्ठल विठ्ठल म्हणत होते. नागेश मान न वळवता विचारायचा, आई कशी हाय? आबा म्हणायचे, श्वास हाय, तू हाक. निमगाव गेलं, लासुर्णे गेलं, भवानीनगर गेलं, पिंपळी आली. श्वास हाय, तू हाक. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि उशीर झाला एवढंच म्हणाले.

तो उशीर नागेशच्या घशात अडकून बसला. घास त्याच्यावरूनच खाली जायचा.

आणि आबा गप्प झाले. एरवी कीर्तनात बुवांच्या मागं टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले, की चाल वर चढताना डोळे मिटून जागच्या जागी डोलणारा हा माणूस. बायकांत बसलेली आई त्यांच्याकडं बघून पदराआड हसायची. आता शेजारच्या गावात सप्ताह बसला तरी आबा उठत नव्हते. दिवस कलला की शेडच्या दारात येऊन बसायचे, पोराचे काळे हात बघायचे आणि निघून जायचे. नागेशला वाटायचं, आबा मनातल्या मनात जीपला दोष देतायत. आणि हाकणाऱ्यालाही.

इंजिनाचा आवाज आता शिटीसारखा बारीक झाला होता. हवा कोंडली तरच ते मरणार होतं. टर्बोच्या तोंडाला अजून फिल्टर लावलेला नव्हता. ते उघडं तोंड समोरची हवा ओढून घेत होतं. आतली पाती बोटं शिल्लक ठेवणार नाहीत, हे नागेशला कळत होतं. तरीही त्यानं तिथं हात नेला.

कुणीतरी त्याला खांद्यानं बाजूला ढकललं. आबा होते. अंगावरचं घोंगडं चौपदरी करून त्यांनी त्या तोंडावर दाबलं आणि वरून छातीचा भार दिला. तरुणपणी उधळलेला मेंढा दाबून धरायचे, तसे. इंजिन धापा टाकू लागलं. आचके दिले. खालच्या विटा सरकल्या. मग सगळंच थांबलं.

टर्बो गेला होता. इंजिनही गेलं होतं. नागेश सांडलेल्या ऑइलमध्येच बसला. दुसरा आणतो म्हणाला, हा आपणच नीट बसवला नाही म्हणाला. मग त्याचा बांध फुटला. जीपमध्ये जरा दम असता, त्यातल्या चार ट्रॉल्या जरी मागं टाकता आल्या असत्या, तर आई आज हितं असती, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आबा त्याच्याजवळ खाली बसले. पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात भाजला होता.

"निमगाव मागं पडायच्या आतच गेली हुती ती, नागू."

नागेशनं वर पाहिलं. मग श्वास हाय, श्वास हाय, असं का म्हणत होता तुमी, एवढं त्याला कसंबसं विचारता आलं.

आबांनी जीपच्या मागच्या सीटकडं बघितलं.

"खरं सांगितलं असतं, तर तू तितंच गाडी उभी केली असतीस. लोकांनी खाली उतरवून घेतली असती तिला माझ्या मांडीवरनं." त्यांनी तोंड पुसलं. "तू म्होरं ट्रॉल्यांस्नी शिव्या देत हुतास, बाळा. आन मी मागं बसून पांडुरंगाला म्हणत हुतो, आजून एक आडवी घाल."