मरणाची चाहूल

"या कवितेच्या ओळीओळीत मरणाची चाहूल आहे," संपादक माइकवर म्हणाले आणि चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

पहिल्या रांगेतल्या मेकॅनिकने दात आवळले. मासिकाचा वार्षिक काव्यपुरस्कार यंदा त्याच्या बायकोला मिळाला होता. बायको उन्हाळ्यातच गेली होती, म्हणून तो घ्यायला आला होता. शर्ट इस्त्रीचा होता, नखांतलं ग्रीस मात्र निघालं नव्हतं.

"भावजी, तोंडाला कुलूप हं," शेजारी बसलेली मेहुणी कुजबुजली. "अंक उद्या छापायला जातोय. तुम्ही भडकलात तर ताईची कविता काढून टाकतील. त्या मासिकात नाव यावं म्हणून जन्म घालवला तिने."

खरंच होतं ते. बायको दर वर्षी पाकीट पाठवायची आणि दर वर्षी ते साभार परत यायचं. यंदा पाकीट त्याने पाठवलं. सोबत कवयित्रीची माहिती मागितली होती. त्याने दोनच शब्द लिहिले: 'यंदा वारली.'

संपादक घोगऱ्या आवाजात वाचू लागले.

'मी नसेन तेव्हा
कुंड्यांना पाणी घाला,
दूध उतू जाऊ देऊ नका,
आणि रात्री दाराला
आतून कडी लावू नका.'

सभागृहात रुमाल निघाले.

"कडी लावू नका! मेल्यावरही घरी परतायची ही आस!" संपादक म्हणाले. "स्वतःचं मरण इतक्या शांतपणे पाहणारी ही बाई..."

"कसलं डोंबलाचं मरण?"

आपणच ओरडलो असं त्याला क्षणभर वाटलं. पण उभी राहिली होती मेहुणी.

"माझ्या बाळंतपणाला यायला निघाली तेव्हा लिहिलीय ही ताईने! महिनाभर राहिली आणि चांगली गुबगुबीत होऊन घरी गेली. रात्रीच्या गाडीने परतायची होती ती. आणि हे एकदा झोपले की ढोल वाजवले तरी उठत नाहीत, म्हणून कडी लावू नका!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. संपादकांनी घाईने कागद खाली ठेवला. "म्हणजे... कविता कधीची आहे ही?"

आता बोललं तर अंकातून नाव जाणार, हे त्याला कळत होतं. तरी तो उठला.

"हिची मुलगी आता शाळेत जाते, एवढी जुनी आहे. तेव्हाही तुमच्याकडेच पाठवली होती. 'ही कविता नव्हे, ही तर घरच्यांना सांगितलेली कामं,' असं लिहून तुम्ही परत धाडलीत. कितीतरी दिवस धड जेवली नाही ती."

"तेव्हाचे परीक्षक वेगळे असतील हो," संपादक पुटपुटले.

"खाली सही तुमचीच होती. कविताही हीच होती, एक अक्षर बदललेलं नाही," तो म्हणाला. "फक्त तेव्हा ती जिवंत होती."